नाव व्यवसायोपचार, मग व्यवसाय कोणता?

मागील अंकात पक्षाघातानंतरच्या घरगुती शुश्रूषेविषयी लिहिताना मी दोन-तीन ठिकाणी व्यवसायोपचाराचा उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख पक्षाघाताकडे नव्हता, तर त्या शब्दाकडेच होता. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : नीटमधील गुण पाहता माझ्या मुलीला एमबीबीएसला प्रवेश मिळणार नाही, हे आता स्पष्ट झाले आहे. समुपदेशकांनी फिजिओथेरपीच्या जोडीला व्यवसायोपचाराचा पर्यायही भरायला सांगितला. घरात कोणालाच त्याचा अर्थ लागला नाही. अपंगांना धंदा-नोकरी शिकवण्याचा तो अभ्यासक्रम असावा, असे माझ्या मेहुण्यांचे म्हणणे आहे. ते खरे आहे का? नसेल, तर असे नाव का ठेवले? — एक पालक, सांगली

आपल्या मेहुण्यांचा तर्क चुकीचा असला, तरी वेडगळ नाही. याच नावावरून इंग्रजी बोलणारी माणसेही शंभर वर्षे हाच घोटाळा करत आली आहेत. व्यवसायोपचार म्हणजे इंग्रजीत 'ऑक्युपेशनल थेरपी': आजाराने किंवा इजेने अडलेली रोजची कामे माणसाला पुन्हा करता यावीत, यासाठीचा उपचार. त्यातल्या 'ऑक्युपेशन' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक पोटापाण्याच्या उद्योगाचा आणि दुसरा माणसाचा वेळ, हात आणि मन ज्यात गुंतते त्या कोणत्याही कामाचा. नाव ठेवणाऱ्यांना दुसरा अर्थ हवा होता. मराठीत प्रतिशब्द घडवताना 'व्यवसाय' हा शब्द घेतला गेला आणि आपल्या डोळ्यांपुढे दुकानाची पाटी उभी राहिली. वास्तविक संस्कृतात व्यवसाय म्हणजे निश्चय, उद्यम; गीतेतली 'व्यवसायात्मिका बुद्धि' काही दुकानदाराची बुद्धी नव्हे. शब्द मुळात चांगला आहे, त्याचा अर्थ आपण आक्रसून टाकला.

नाव ज्याने रूढ केले तो माणूस डॉक्टर नव्हता, रुग्ण होता. जॉर्ज एडवर्ड बार्टन हा अमेरिकेतला वास्तुविशारद. त्याला क्षय झाला, पुढे पायावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्यानंतर शरीराची डावी बाजू लुळी पडली. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावातल्या आरोग्यधामात तो उपचारांसाठी गेला. तिथे त्याच्या लक्षात आले की रुग्णालय माणसाचा आजार सांभाळते, पण बरे होऊन घरी गेल्यावर दिवसभर करायचे काय, याचे उत्तर तिथे कोणाकडेच नसते. त्याने गावातच एक घर घेतले, त्याला 'कन्सोलेशन हाउस' असे नाव दिले आणि स्वतःलाच प्रयोगाचा विषय करून बागकाम व सुतारकाम यांच्या आधाराने हातपाय पुन्हा कामाला लावले. 'ऑक्युपेशनल थेरपी' हा शब्दप्रयोग त्याने 1914 च्या सुमारास पुढे आणला.

याच घरात 15 मार्च 1917 रोजी सहा जण जमले आणि त्यांनी या उपचाराच्या प्रसारासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. तीच संस्था पुढे अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपी असोसिएशन या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या सहांत डॉक्टर एकच होते, मनोविकारतज्ज्ञ विल्यम रश डन्टन. बाकीच्यांत स्वतः बार्टन, समाजकार्यातून आलेल्या एलिनॉर क्लार्क स्लॅगल, हस्तकला शिकवणाऱ्या सुझन कॉक्स जॉन्सन, कॅनडात जखमी सैनिकांच्या व्यवसायशिक्षणाची जबाबदारी सांभाळणारे थॉमस किडनर आणि बार्टनच्या सचिव इझाबेल न्यूटन, ज्यांच्याशी त्याने पुढे विवाह केला. रुग्णांना अंथरुणात करता येतील अशा कामांवर 1910 मध्येच पुस्तक लिहिणाऱ्या परिचारिका सुझन ट्रेसी यांनाही आमंत्रण होते, पण त्या येऊ शकल्या नाहीत. किडनर यांचे नाव पाहून आपल्या मेहुण्यांना थोडे समाधान वाटेल: धंदेशिक्षणाचा एक धागा या शास्त्राच्या जन्मातच होता. बैठकीनंतर तीनच आठवड्यांनी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि जखमी सैनिकांच्या उपचारांसाठी शेकडो तरुणी या कामात आल्या. युद्ध झाले नसते, तर ही संस्था बहुधा एका गावातल्या सहा सद्भावी माणसांची मंडळी एवढीच उरली असती.

आता मुलीविषयी. ती शरीररचना, शरीरक्रिया, मेंदू व मज्जासंस्थेचे विकार, अस्थिव्यंगशास्त्र, मनोविकार आणि बालविकास हे विषय शिकेल. हाताला आधार देणारे स्प्लिंट बनवायला शिकेल. आणि एखादे साधे काम, उदाहरणार्थ कणीक मळणे, त्यातल्या हालचाली, दृष्टी, स्मरण आणि क्रम यांचे तुकडे पाडून पाहायला शिकेल. हे शेवटचे कौशल्य कोणत्याही अन्य अभ्यासक्रमात इतक्या बारकाईने शिकवले जात नाही. महाराष्ट्रात हा पदवी अभ्यासक्रम आजवर सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचा राहिला आहे आणि मुंबईत केईएम, शीव व नायर या रुग्णालयांशी संलग्न महाविद्यालयांत, तसेच नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तो उपलब्ध आहे. मात्र, दुसरे काही मिळाले नाही म्हणून घ्यायचा पर्याय असे तिला सांगू नका. मुलाखतीत तशी उत्तरे देणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांतल्या कित्येक पुढे उत्तम निघाल्या, पण पहिली दोन वर्षे त्यांची उगाच हिरमुसण्यात गेली.

प्रश्न : आमच्या फलटणला कमला निंबकर बालभवन ही नावाजलेली शाळा आहे. शाळेला ज्यांचे नाव दिले आहे त्या कमलाबाईंचा या उपचारपद्धतीशी संबंध होता, असे ओझरते ऐकले. त्या शिक्षणतज्ज्ञ होत्या, अशीच आमची समजूत होती. — एक वाचक, फलटण

ओझरते ऐकलेले अगदी खरे आहे. भारतात व्यवसायोपचाराचे शिक्षण ज्यांनी सुरू केले, त्या याच कमलाबाई.

त्यांचे मूळ नाव एलिझाबेथ लंडी. 1900 मध्ये अमेरिकेतल्या एका क्वेकर (या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या) कुटुंबात त्यांचा जन्म झाला. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून 1930 मध्ये त्या मुंबईत आल्या, कमला झाल्या आणि इथल्याच होऊन राहिल्या. व्यवसायोपचाराकडे त्या वळल्या तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. दुसऱ्या महायुद्धाने जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला होता. ज्या वयात आपल्याकडे सुनेच्या हाती किल्ल्या देण्याची भाषा सुरू होते, त्या वयात कमलाबाईंनी फिलाडेल्फियाच्या व्यवसायोपचार विद्यालयात विद्यार्थिनी म्हणून नाव घातले, प्रशिक्षण पूर्ण केले आणि परत येऊन परळच्या केईएम रुग्णालयात काम उभे केले. तिथेच 1950 मध्ये भारतातले पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू झाले. पुढे नागपूरच्या विद्यालयामागेही त्यांचेच प्रयत्न होते.

दोनच वर्षांनी, 1952 मध्ये, त्यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लिव्हरपूल इथे या व्यवसायाचा जागतिक महासंघ जन्मला. त्याच्या दहा संस्थापक सदस्य देशांत अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांच्या पंक्तीला भारत बसला होता. तेव्हा देशात प्रशिक्षित माणसे अगदी मोजकी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बाईंच्या धडाडीचा अंदाज येतो. आणखी एक योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. महासंघाच्या पहिल्या अध्यक्षा मार्गारेट फुल्टन यांनी 1925 पासून स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या मनोरुग्णालयात काम केले. ब्रिटनमधल्या पहिल्या प्रशिक्षित व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतात. त्यांचे शिक्षणही फिलाडेल्फियाच्या याच विद्यालयात झाले होते. परळ आणि ॲबर्डीन या दोन टोकांचे आजोळघर एकच निघाले.

कमलाबाईंनी आशियातील पुनर्वसनकार्याला वाहिलेले एक नियतकालिकही चालवले. 1979 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनी फलटणला शेती संशोधनाचे काम उभारले, हे आपण जाणताच. बालभवन मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने सुरू केले. त्याही अमेरिकेतून येऊन फलटणच्या झालेल्या. आपली समजूत फारशी चुकलेली नव्हती, असेच मी म्हणेन. वही-पेन्सिलीऐवजी चमचा, बटण आणि पोळपाट घेऊन शिकवणाऱ्या माणसालाही शिक्षणतज्ज्ञ म्हणायला हरकत नसावी.

प्रश्न : माझ्या वडिलांना तीन महिन्यांपूर्वी पक्षाघात होऊन डावी बाजू कमजोर झाली. फिजिओथेरपिस्ट रोज येतात आणि वडील आता काठी घेऊन चालतात. डॉक्टरांनी व्यवसायोपचारही सुचवला आहे. हा एकाच कामाचा दुप्पट खर्च नाही का? वडिलांचा स्वभावही बदलला आहे. रोज जेवताना कोशिंबीर वाढली नाही, चटणी वाढली नाही म्हणून आईशी भांडतात. — एक वाचक, कोल्हापूर

पत्राच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण आपल्याला ते स्वभावाचे वाटले असले, तरी मला त्यात दुसरेच काही दिसते.

आपल्याकडे ताट वाढण्याची रीत ठरलेली आहे. उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. आपल्या वडिलांना नेमके डावीकडचेच पदार्थ 'वाढलेले नसतात'. पक्षाघातात मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की डावी बाजू कमजोर होते आणि काही रुग्णांचे डाव्या बाजूकडचे अवधानही नाहीसे होते. डोळे शाबूत असतात, पण मेंदू डावीकडच्या अर्ध्या जगाची दखलच घेत नाही. असा रुग्ण उजव्या गालाची दाढी करून उठतो, दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटतो आणि ताटातले अर्धे अन्न तसेच ठेवून पोट भरले नाही म्हणतो. एक साधी चाचणी करून पाहा. पुढच्या जेवणात काही न बोलता ताट अर्धे फिरवा, म्हणजे कोशिंबीर उजवीकडे येईल. भांडण भाजीवरून सुरू झाले, तर ते ऐकून निमूटपणे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. त्यांनी व्यवसायोपचार सुचवला, त्यामागे हे कारण असण्याचा बराच संभव आहे.

आता कामाच्या वाटणीविषयी. आपले फिजिओथेरपिस्ट वडिलांच्या स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, तोल आणि चाल यांवर काम करत आहेत, आणि तीन महिन्यांत वडील काठीने चालू लागले याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. व्यवसायोपचारतज्ज्ञ त्याच शरीराकडे पाहतो, पण कामाच्या बाजूने. चालत कुठवर जायचे आहे? न्हाणीघरापर्यंत. तिथे गेल्यावर पायजम्याची नाडी एका हाताने सुटते का? सुटत नसेल, तर हाताला सराव द्यायचा की नाडीऐवजी इलॅस्टिक घालायचे, की आज इलॅस्टिक घालून सोय करायची आणि सराव चालू ठेवायचा? ताटाच्या बाबतीत तो बहुधा ताटाच्या डाव्या कडेला ठळक लाल पट्टी लावेल, प्रत्येक घासाआधी डावा हात त्या पट्टीवर ठेवायची सवय लावेल आणि नजर त्या पट्टीपर्यंत नेऊन मगच परत आणायला शिकवेल. ही सवय ताटात बसली की तोच धडा वर्तमानपत्राच्या समासावर, मग रस्ता ओलांडण्यावर. सुरुवात ताटापासून करायची, कारण तिथे भूक मदतीला येते.

दोन्ही उपचारांच्या सीमा काही ठिकाणी एकमेकींत मिसळतात, हे खरे आहे, विशेषतः हाताच्या बाबतीत. दोघे एकमेकांशी बोलत असतील, तर रुग्णाचा त्यात फायदाच होतो. बोलत नसतील, तर आपण दोघांनाही एकाच दिवशी पंधरा मिनिटे घरी बोलवावे. खर्च मात्र दुप्पट होईलच असे नाही. व्यवसायोपचारतज्ज्ञाने रोज येण्याची गरज बहुधा नसते. आठवड्यातून एकदा येऊन त्याने आईंना नीट समजावून सांगितले, तर उरलेले सहा दिवस उपचार स्वयंपाकघरात आपोआप चालू राहतात.

प्रश्न : मी निवृत्त समाजसेविका आहे. पूर्वी मनोरुग्णालयांत जाणे व्हायचे. तिथे 'व्यवसायोपचार विभाग' अशी पाटी असे आणि आत रुग्ण चटया विणत, लिफाफे चिकटवत, मेणबत्त्या करत. हा उपचार होता की फुकटची वेठबिगार, हा प्रश्न मला अजून सतावतो. — ठाणे

आपला प्रश्न या शास्त्राच्या दुखऱ्या जागेवरच बोट ठेवतो.

मनोरुग्णांना साखळ्यांत ठेवण्याच्या काळात, अठराव्या शतकाच्या अखेरीस, पॅरिसमध्ये फिलिप पिनेल आणि इंग्लंडमध्ये विल्यम ट्यूक यांनी माणुसकीच्या वागणुकीचा आग्रह धरला. ट्यूक क्वेकर होते. त्यांनी यॉर्क इथे 1796 मध्ये उघडलेल्या 'रिट्रीट'मध्ये रुग्णांना बागकाम, शिवण, वाचन असा दिनक्रम दिला जाई. वेडा समजला गेलेला माणूसही कामात गुंतला की आपल्या वागण्याला आवर घालू शकतो, असा त्यांचा अनुभव होता. मूळ कल्पना क्वेकर माणसाने मांडली आणि दीडशे वर्षांनी मुंबईत ती क्वेकर घरातल्याच बाईंनी आणली, असे हे वर्तुळ आहे. पण मधल्या शंभर वर्षांत मनोरुग्णालये प्रचंड झाली. त्यांची शेते, धोबीघरे, मुदपाकखाने रुग्णांच्या श्रमावर चालू लागले आणि काम हा उपचार न राहता संस्था चालवण्याची सोय झाली. विसाव्या शतकातल्या व्यवसायोपचाराला या वारशातून स्वतःला सोडवून घ्यावे लागले. स्लॅगल यांनी वर्षानुवर्षे वॉर्डात पडून राहिलेल्या रुग्णांसाठी उठण्यापासून झोपेपर्यंतच्या सवयींचा आखीव दिनक्रम तयार केला. मनोविकारतज्ज्ञ अडॉल्फ मायर यांनी 1922 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांचा तोल साधणे हेच मानसिक आरोग्याचे सूत्र म्हणून मांडले. मायर यांच्या यादीत काम हे चारांतले एकच आहे.

तेव्हा पाटी वाचून उत्तर देता येत नाही. मी नवखी असताना एका संस्थेत एक मध्यमवयीन गृहस्थ कित्येक वर्षे लिफाफे चिकटवताना पाहिले. कोपऱ्याला खळ लावून अंगठ्याने दाबायची त्यांची लकब इतकी सफाईदार होती की मला कौतुक वाटले. नंतर त्यांच्या कागदपत्रांत वाचले की आजारापूर्वी ते शिंपी होते. विभागात शिलाई यंत्र होते, पण ते दुसऱ्या गटाकडे होते आणि गटांची अदलाबदल करण्याचा विचार कोणाच्या मनात आला नव्हता. ते लिफाफे उपचार नव्हते, असे मला आजही वाटते. हेच काम या रुग्णाला का दिले, ते त्याने निवडले का, तो सुधारला तसे काम बदलले का आणि त्यातून त्याला घरी जाण्याच्या दिशेने काय मिळाले, एवढे प्रश्न विचारले की उपचार आणि बिगार वेगळे ओळखू येतात.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हा प्रश्न केवळ तज्ज्ञाच्या सद्सद्विवेकावर सोडलेला नाही. रुग्णाला संस्थेत काम करण्याची सक्ती करता येत नाही आणि त्याने काम केले, तर योग्य मोबदला द्यावा लागतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आपल्या मनातली सल निराधार नव्हती.

प्रश्न : मी व्यवसायोपचाराच्या तिसऱ्या वर्षात आहे. नातेवाइकांना मी 'फिजिओसारखेच काहीतरी' शिकते असे सांगून मोकळी होते. वॉर्डात आम्हाला 'हाताचे फिजिओ' म्हणतात, बालरोग विभागात 'ऑटिझमवाले' म्हणतात. आमची स्वतःची अशी ओळख आहे तरी का? — एक विद्यार्थिनी, नागपूर

हा प्रश्न मलाही तिसऱ्याच वर्षी पडला होता. नाव बदलले पाहिजे, अशी तेव्हा माझी खात्री होती. आता ती खात्री राहिलेली नाही.

आपल्या व्यवसायाने आपली ओळख अनेकदा दुसऱ्यांकडून उसनी घेतली. अमेरिकेत विद्यालयांच्या दर्जाची निश्चिती डॉक्टरांच्या संघटनेने करावी, अशी विनंती व्यवसायोपचारतज्ज्ञांनीच केली आणि 1935 मध्ये तसे निकष आले. त्यातून प्रतिष्ठा मिळाली, पण दुसऱ्याच्या मापाने स्वतःला मोजण्याची सवयही लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर शारीरिक पुनर्वसन वाढले, तशी 'टोपल्या विणणाऱ्या बायका' ही हेटाळणी लागू लागली. माग, लाकूडकाम, वेतकाम यांची लाज वाटू लागली आणि त्यांच्या जागी वजने, कप्प्या, खुंट्यांचे फळे आले. रुग्ण दिवसभर खुंट्या भोकांत घालू लागला आणि संध्याकाळी त्याची बायको त्याला भरवू लागली. 1961 मध्ये मेरी रायली यांनी एका गाजलेल्या व्याख्यानात आपल्याच लोकांना याविषयी खडसावले. मन आणि इच्छाशक्ती यांनी चेतवलेल्या हातांच्या उपयोगातून माणूस स्वतःच्या आरोग्यावर परिणाम घडवू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि ही विसाव्या शतकातल्या वैद्यकाच्या थोर कल्पनांपैकी एक ठरू शकते, असा त्यांचा दावा होता. त्यांच्या परंपरेतल्या गॅरी किलहॉफनर यांनी 1980 मध्ये इच्छा, सवय आणि क्षमता यांची सांगड घालणारे जे प्रतिमान मांडले, ते आज तुमच्या अभ्यासक्रमात आहे.

'ऑटिझमवाले' ही नवी उसनवारी मात्र आपल्याच घरातून आली. जीन एअर्स या व्यवसायोपचारतज्ज्ञच होत्या. संवेदनांचे एकत्रीकरण मेंदूत कसे होते, याविषयीचे त्यांचे पुस्तक 1972 मध्ये आले आणि झोपाळे, गाद्या, चढायच्या जाळ्या असलेल्या खोल्या हे आपल्या शहरांतल्या स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या केंद्रांचे ओळखचिन्ह झाले. त्या कामाचे मोल मी कमी लेखत नाही. पण मूल झोपाळ्यावर किती वेळ बसले याची नोंद ठेवणारे आणि त्याला शाळेच्या डब्याचे झाकण उघडता येते का, हे न विचारणारे केंद्र पाहिले की मला खुंट्यांचे फळे आठवतात.

कायद्याने ओळख दिलेली आहे. महाराष्ट्रात 2002 च्या कायद्याने व्यवसायोपचार व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) यांची राज्य परिषद झाली आणि 2021 च्या संबद्ध व आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्यात व्यवसायोपचाराला भौतिकोपचारापासून वेगळा, स्वतंत्र प्रवर्ग मिळाला. नोंदणी, दर्जा, नोकरीतले पद यांसाठी ते आवश्यकच होते. मात्र वॉर्डातल्या मावशींनी काय म्हणावे, हे परिषद ठरवू शकत नाही.

ओळख पुसट राहण्याचे खरे कारण मला वेगळे वाटते. आपले साहित्यच अतिपरिचित आहे. क्ष-किरण यंत्र कोणाच्या घरी नसते. चमचा प्रत्येकाच्या घरी असतो. निऱ्या घालणे, दूध उतू न जाऊ देणे, सुट्या पैशांचा हिशेब ठेवणे यांत शास्त्र आहे, हे लोकांना पटत नाही, कारण ती कामे त्यांना शिकल्याचे आठवत नाही. त्यातून ती बहुतांशी बायकांची कामे, आणि हा व्यवसायही बहुतांशी बायकांचा. घरातल्या कामाला जसे कोणी काम मानत नाही, तसे त्या कामाच्या शास्त्रालाही शास्त्र मानायला वेळ लागतो. ज्यांच्या हातून ते काम गळून पडलेले असते, त्यांनाच त्याची किंमत कळते. पक्षाघातानंतर सहा महिन्यांनी एका हाताने, फळीला ठोकलेल्या दोन खिळ्यांत कांदा रोवून कापणाऱ्या बाईंना तुम्ही कोण, हे समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून नातेवाइकांना व्याख्या सांगू नका. 'हाताचे फिजिओ' म्हणणाऱ्या सिस्टरना पुढच्या वेळी सोबत घ्या आणि रुग्णाला त्यांच्यासमोर एकच विचारा: आज सकाळी उठल्यापासून तुमचे काय अडले? तो जे सांगेल, त्यावर त्याच दिवशी काम सुरू करा. तुमच्या शिक्षकांना ही रीत जुनाट वाटली, तर त्यांना रायली यांचे व्याख्यान वाचायला सांगा, अर्थात परीक्षा झाल्यावर.

प्रश्न : आमच्या तालुक्यात व्यवसायोपचारतज्ज्ञ नाही. आईला संधिवात आहे, हातांची बोटे वाकडी झाली आहेत. शहरात नेल्यास योग्य व्यक्ती कशी ओळखावी? — एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. तो विचारण्यात संकोच नको. वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात स्वतंत्र व्यवसायोपचार विभाग असेल, तर आधी तिथे जावे. बोटांसाठी स्प्लिंट लागेल, तो तयार विकत न घेता हाताचे माप घेऊन तिथेच करवून घ्यावा आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवावा, कारण सूज उतरली की माप बदलते. तोवर घरी एवढे करा: जड तांब्या एका हाताने उचलू देऊ नका, दोन्ही तळव्यांत धरू द्या, चमचा, पळी आणि कंगवा यांच्या दांड्यांना जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या गुंडाळून त्या जाड करा, पिळायचे कपडे आईंकडे देऊ नका, नळाची गोल चकती असेल, तर ती काढून लांब दांडीचा नळ बसवा.

शहरात जाताना रिपोर्टांच्या फाइलबरोबर स्वयंपाकाच्या ओट्याचा, न्हाणीघराचा आणि दाराच्या कडीचा मोबाइलवर फोटो काढून न्या. आईंची रोजची विळीही पिशवीत घाला. ती त्या कशी धरतात, हे पाहिल्याशिवाय तुम्हाला परत पाठवणारा माणूस असेल, तर तो योग्य नव्हे.